नाशिकच्या कॉलेज रोडवरचं कार्डांचं दुकान, थीम डेकवाल्यांनी एकदा जाऊन याच

मॅजिक द गॅदरिंग या कार्डांच्या खेळात कमांडर हा प्रकार खेळणाऱ्यांसाठी लिहितोय. १०० कार्डांचा डेक म्हणजे संच, बेसिक लँड (मॅना, म्हणजे बाकीची कार्डं खेळायची ताकद देणारी साधी कार्डं) सोडली तर सहसा प्रत्येक कार्ड एकदाच, त्यामुळे थीम जुळवायची तर ढीगभर सुटी कार्डं चाळावी लागतात, आणि इथे खोकेच्या खोके आहेत, बसा निवांत. मला गोदेचा पूर हवा होता, म्हणजे निळी-हिरवी आणि चित्रात पाणी दिसणारीच कार्डं. काउंटरवरचा दादा हसला नाही, खोकं पुढे ओढून म्हणाला, आधी ३७-३८ लँड बाजूला काढा, उरलेल्यात काय ती हौस करा, नाहीतर डेक दिसायला भारी आणि हातात मॅनाच नाही. पटलं ना राव! मग आयलंडचीच, म्हणजे निळा मॅना देणाऱ्या लँडची, इतकी वेगवेगळी चित्रं काढून दिली की विचारू नका. ग्रुपमध्ये आता डेकला दुतोंड्या मारुतीच म्हणतात, गोदेचा पूर ज्या मूर्तीवरून मोजतात तोच.

स्लीव्ह, म्हणजे कार्डांची प्लास्टिकची कव्हरं, मात्र महाग लावतात, आणि कडा घासलेलं कार्ड पण नव्याच्याच भावात, तेव्हा उजेडात धरून बघा अन् मगच पैसे द्या. खोक्यांवर रंगाचं लेबल पण नाही, वैताग येतो. रविवारी संध्याकाळी टेबल मिळणं अवघड, दुपारीच गाठा.