शिह त्झू की मिनपिन: कुसळीच्या गावातला हिशेब

दिवाळीपासून तिघांनी विचारलं, लहान कुत्रं घ्यायचंय, शिह त्झू घेऊ की मिनपिन? शिह त्झू म्हणजे लांब केसांचं, चपट्या नाकाचं कुत्रं; मिनपिन म्हणजे मिनिएचर पिन्शर, आखूड केसांचं. दोन्ही मी पाळलेत, पण एकाच गावात, एकाच घरात. तेव्हा माझं म्हणणं तेवढ्याच मापानं घ्या.

स्वभावाला शिह त्झू उजवी. आमची बबली पाहुण्यांवर कधी भुंकली नाही, जो बसेल त्याच्या मांडीवर चढायची. चिंगी मिनपिन आहे, ती पोस्टमनपासून कवेलूवरच्या वानरापर्यंत सगळ्यांशी भांडते. गावात अजून तिला डॉबरमनचं पिल्लू समजतात आणि ‘मोठी कधी होईल?’ म्हणून विचारतात. खरं तर मिनपिन ही डॉबरमनच्याही आधीची जात.

उन्हाळ्यात बबलीचे हाल व्हायचे. चपट्या नाकाच्या कुत्र्याला धापा टाकूनही अंग नीट थंड करता येत नाही. नवतप्यात पारा ४५ च्या वर, त्यात लाइन गेली की कूलर बंद. मग तिला ओल्या गोणपाटावर घेऊन पेपरनं वारा घालत बसायचं. चिंगीलाही दुपारी बाहेर काढत नाही, पण माठाखालच्या ओल्या रेतीत पडायला मिळालं की तिचं भागतं. थंडीत मात्र उलटं. डिसेंबरच्या पहाटे ती कुडकुडते, म्हणून पोराच्या जुन्या स्वेटरची बाही कापून तिला घातली आहे.

खाणं, दात, लस यात फारसा फरक नाही. पिल्लू असताना दोन्हींना दिवसातून चार वेळा थोडंथोडं द्या, उपाशी राहिलं की साखर उतरून मान टाकतं. कांद्याचा रस्सा कुणालाच नको.

मला खरं दमवलं ते कुसळीनं. पाऊस सरला की धुऱ्यावरचं गवत वाळतं आणि कुसळ सुटते. आपल्या पायजम्याला चिकटते, तशी बबलीच्या केसांना चिकटायची. कुसळीला उलटे काटे असतात, त्यामुळे ती पुढेच सरकते, मागे येत नाही. सोयाबीनच्या दिवसांत रोज संध्याकाळी मी तिला बाजेवर पालथी घालून बसायचो. एका हातात कंगवा, दुसऱ्यात खोबरेल तेलाची वाटी, आणि टॉर्च धरायला पोरगा. पाऊण तास सहज जायचा. केस बारीक करून पाहिले. सलूनवाला भाऊ तयार झाला, पण गिऱ्हाईक गेल्यावर, मागच्या दारानं. तरी बोटांमधले आणि कानातले केस राहिलेच. एका वर्षी ती मान वाकडी करून कान झाडू लागली. ढोरांचे डॉक्टर म्हणाले, आत गेलीय, इथं नाही निघणार. नागपूरला नेऊन भूल देऊन काढली. दोन बोटांच्या पेरांएवढी कुसळ होती.

गोचिडाचंही तसंच. लांब केसांत गोचीड फुगून वाटाण्याएवढी होईपर्यंत दिसत नाही, चिंगीच्या अंगावर लांबूनच दिसते. आणि हो, ढोरांचं गोचिडाचं औषध अंदाजानं पाण्यात कालवून लावू नका. चार-पाच किलोच्या जिवाला ते भारी पडतं.

मिनपिन बिनकटकटीची असते असंही नाही. पाय अगदी काड्यांसारखे. बाजेवरून उडी मारून एकदा लंगडली, तेव्हापासून बाजेखाली पाट ठेवतो. बाहेर नेताना गळ्यात पट्टा न बांधता छातीचा पट्टा घालतो, आणि गावकुत्र्यांची टोळी दिसली की सरळ उचलून घेतो.

तुमचं घर नागपुरात, फ्लॅटमध्ये, एसीचं असेल तर शिह त्झूच घ्या, मी आडवा येणार नाही. वावर-गोठ्याचं घर असेल तर मी आपला मिनपिनकडे झुकतो. परवा चिंगी पऱ्हाटीतून आली. ओल्या फडक्यानं पुसून, बोटांच्या बेचक्या पाहून दोन मिनिटांत मोकळा झालो. आता फाटकाखालून निसटून ती पऱ्हाटीत गेली होती आणि घरातले सगळे तासभर तिला शोधत होते, हेही सांगून ठेवतो.