मोनाल की रेड पांडा? तुंगनाथ आणि संदकफूमधून निवडताना

कळसूबाई झाली, हरिश्चंद्रगड दोन वाटांनी झाला, आता हिमालयात जायचंय. आणि नुसती बर्फाची शिखरं नकोत, जंगली जनावरंही दिसायला हवीत. असं म्हणणाऱ्यांना मी दोन नावं सांगते: गढवालमधलं तुंगनाथ-चंद्रशिला आणि दार्जिलिंगजवळचं संदकफू. दोन्हीकडे चालून आलेय. ठरवण्याआधी स्वतःला एवढंच विचारा, चार दिवस पाय तुटेस्तोवर चालून प्राणी दिसलाच नाही तर चिडचिड होईल का?

होणार असेल तर सरळ तुंगनाथला जा. पायथ्याच्या चोपता गावापासून मंदिरापर्यंत साडेतीन-चार किलोमीटरची फरसबंदी वाट आहे. पंचकेदारांपैकी, म्हणजे गढवालमधल्या पाच शिवमंदिरांपैकी, हे तिसरं मंदिर 3680 मीटरवर, आणि त्याच्या वर दीडेक किलोमीटर खडा चढ चढून सुमारे 4000 मीटरवर चंद्रशिला. हा परिसर केदारनाथ वन्यजीव अभयारण्याचा. ते 1972 साली मुख्यतः कस्तुरीमृगासाठी राखलं गेलं. कस्तुरीमृग दिसेल ही आशा सोडा, पण मोनाल, हिमालयातला रंगीबेरंगी रानकोंबड्यासारखा पक्षी, बहुतेक दिसतोच.

त्यासाठी एक पथ्य. सगळे जण पहाटे विजेऱ्या घेऊन शिखरावरचा सूर्योदय गाठायला पळतात. तुम्ही पळू नका. उजाडताना मंदिराच्या खालच्या बुग्यालच्या, म्हणजे कुरणाच्या, कडेला गप्प बसा. आधी शीळ ऐकू येते. मग नर गवतात उतरतो आणि चोचीने माती उकरत कंद शोधत बसतो. सावलीत असेपर्यंत काळपट कोंबडाच वाटतो. उन्हाची तिरीप पडली की मान तांब्याची, पाठ हिरवी-निळी, डोक्यावर तुरा. वाटेकडेच्या दगडांत पायका असतात: सशाच्या जातीचा, मुठीएवढा, बिनशेपटीचा प्राणी. एक माझ्या बुटापासून हातभर अंतरावर तोंडात गवताची काडी आडवी धरून थांबला होता. कड्यांवर ताहर, म्हणजे रानबकरे, दिसले तर बोनस.

नऊनंतर मात्र यात्रेकरू, खेचरं आणि मोबाइलवरची भजनं. मे-जूनमध्ये तर विचारू नका. हिवाळ्यात मंदिर बंद असतं, देव खालच्या मक्कूमठ गावी उतरतात, वाट बर्फाखाली जाते आणि कधीकधी गाडीही चोपत्यापर्यंत पोचत नाही.

संदकफूचं सगळंच वेगळं. उंची 3636 मीटर, म्हणजे तुंगनाथ मंदिराहूनही थोडी कमी. पण पायथ्याच्या मानेभंजन गावापासून तीसेक किलोमीटर चाल, तुमलिंग-कालापोखरी करत तीन दिवस. पुढचं फालूट शिखर जोडलं की आणखी दोन-तीन. वाट भारत-नेपाळ सीमेवरून इतकी आतबाहेर करते की चहा नेपाळात आणि जेवण भारतात होतं. गाइड सक्तीचा आहे आणि तो हवाच.

ही वाट सिंगालीला राष्ट्रीय उद्यानातून जाते. तिथला रेड पांडा दिवसाचा बहुतेक वेळ शेवाळल्या फांदीवर झोपून काढतो, त्यातून धुकं. वाटेवरच्या गैरीबास वस्तीच्या पुढे आमच्या गाइडने एका जाड बुंध्यावरची लेंड्यांची हिरवट रास दाखवली, बोटाने फोडून आतले मालिंगो बांबूचे तंतू दाखवले. ‘काल रात्रीची आहे,’ म्हणाला. पुढचा दीड तास आम्ही माना वर करून उभे. पांडा काही दिसला नाही. तरी चार दिवसांतला तोच तास मला सर्वांत जास्त आठवतो, म्हणून माझं मत संदकफूकडे झुकतं. तक्रार एकच, जीपचा रस्ता बराच वेळ पायवाटेला चिकटून असतो आणि धूळ खावी लागते.

डोंगरांत मात्र तुलनाच नाही. चंद्रशिलेवरून चौखंबा आणि नंदादेवी सुरेख दिसतात. पण संदकफूहून कांचनजंगा, एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू एका नजरेत.

पहिल्यांदाच जाणारे, सोबत आई-बाबा किंवा हातात तीनच दिवस असतील तर तुंगनाथ. एक रात्र चोपत्यात झोपा, तडक वर चढाल तर डोकं धरेल. आठवडाभर रजा असेल तर संदकफू, आणि शक्यतो एप्रिल किंवा नोव्हेंबर. 16 जून ते 15 सप्टेंबर उद्यान बंद असतं.

पांडा नाहीच दिसला, तर परतीच्या वाटेवर दार्जिलिंगचं पद्मजा नायडू प्राणिसंग्रहालय आहे, तिथे रेड पांडाचं प्रजनन केंद्रही चालतं. फक्त गुरुवारी जाऊ नका. आम्ही गुरुवारीच गेलो होतो.