ग्रामीण मुलांचं मंडळ: स्वयंसेवकांच्या जिवावर, शाळेच्या आधाराने की मुलांच्याच हाती?

खेड्यातल्या मुलामुलींसाठी मंडळ काढायचं ठरलं की पहिल्या बैठकीचा बराचसा वेळ नाव, बोधचिन्ह आणि बक्षीस समारंभ यांतच जातो. दुसऱ्या वर्षी मंडळ चालू असेल की नाही, हे मात्र एका रूक्ष प्रश्नावर ठरतं: दर महिन्याची सभा बोलावायची जबाबदारी कुणाची?

या प्रश्नाची तीन जुनी, वापरून पक्की झालेली उत्तरं आहेत. अमेरिकेतल्या फोर-एच या मुलामुलींच्या क्लबांच्या संघटनेत ती जबाबदारी प्रौढ स्वयंसेवकाची. अमेरिकेतल्याच एफएफएमध्ये (मूळ नाव फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका, शाळेत शेती शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची संघटना) शेती शिकवणाऱ्या पगारी शिक्षकाची. ब्रिटनच्या यंग फार्मर्स क्लबांमध्ये खुद्द सभासदांची. बाहेरून पाहिलं तर तिन्हीकडे सारखंच चित्र: वासरं, भाषणं, स्पर्धा, ढाली. पण कोणाचं काय उचलायचं हे ठरवायचं असेल तर आतली व्यवस्था बघावी लागते.

स्वयंसेवकांचं मंडळ

फोर-एचचं मूळ १९०२ सालात आहे. ओहायो राज्यातल्या क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहॅम या शाळाप्रमुखाने मुलामुलींचा शेतीविषयक क्लब काढला. विद्यापीठांनी तयार केलेलं नवं बियाणं, नव्या पद्धती वयाने मोठे शेतकरी सहजासहजी मनावर घेत नसत. मुलं करून बघायला तयार असत. दक्षिणेकडे मुलांचे मक्याचे क्लब निघाले. १९१० मध्ये साउथ कॅरोलायनातल्या मारी क्रोमर या शिक्षिकेने मुलींना एकराच्या दहाव्या हिश्श्यात टोमॅटो लावायला लावले. त्याच वर्षी त्याच राज्यात जेरी मूर नावाच्या मुलाने एका एकरात २२८ बुशेलांहून जास्त, म्हणजे सुमारे ५८ क्विंटल मका काढला. देशाची सरासरी तेव्हा तीस बुशेलांच्याही आत होती. अशा आकड्यांपुढे मोठ्यांचा हेका फार काळ टिकत नाही.

फोर-एच 'स्वयंसेवकांवर चालतं' असं सर्रास म्हटलं जातं, ते अर्धंच खरं आहे. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने तिथे विद्यापीठांमार्फत चालणारी कृषी विस्तार सेवा उभी राहिली आणि हे क्लब तिच्या छत्राखाली आले. आजही स्वयंसेवकांच्या मागे पगारी कर्मचारी असतो. स्वयंसेवकाची पार्श्वभूमी तपासणं, प्रशिक्षण, स्पर्धांचे नियम, तक्रारी हे सगळं तो बघतो. तो नसेल तर हा सारा कागदी भार त्याच स्वयंसेवकावर पडतो, जो मुळात मुलांना शेळ्या पाळायला शिकवण्याच्या हौसेने आला होता. नक्कल करणारे नेमका हा भाग विसरतात.

या पद्धतीचं बळ म्हणजे विषयांची विविधता. एकाच मंडळात कोणी कोंबड्या पाळतो, कोणी शिवणकाम शिकतो, कोणी रोबोट जोडतो. प्रत्येक विषयाला वेगळा जाणकार मिळू शकतो. कमजोरीही उघड आहे. बरेचसे स्वयंसेवक सभासदांचेच आईबाप असतात. पोरगं मोठं होऊन बाहेर पडलं की आईबापही बाहेर. यावर फोर-एचनेच काढलेला तोडगा मला सगळ्यात उपयोगी वाटतो: मंडळ सांभाळणारा वेगळा आणि विषय शिकवणारा वेगळा. पहिल्याने सभा, नावनोंदणी, पालकांशी बोलणं बघायचं. दुसऱ्याने फक्त आपला विषय शिकवायचा, तोही ठरलेल्या महिन्यांत. 'वर्षभर मंडळ चालवाल का?' असं विचारलं की माणसं पाय मागे घेतात. 'तीन शनिवार मुलांना कलमं बांधायला शिकवाल का?' असं विचारलं तर बहुतेक होकारच येतो.

अमेरिकेच्या याच विस्तार सेवेतल्या मिल्टन बॉइस यांनी १९७१ मध्ये स्वयंसेवकांच्या व्यवस्थापनाचे सात टप्पे मांडले: शोधणं, निवडणं, ओळख करून देणं, शिकवणं, कामाला लावणं, कौतुक करणं, मूल्यमापन करणं. यातले 'निवडणं' आणि 'मूल्यमापन' गावपातळीवर हमखास गाळले जातात, कारण फुकट काम करणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? पण मुलांशी संबंध येतो तिथे नाही म्हणता आलंच पाहिजे. कोणताही प्रौढ मुलांसोबत एकटा राहणार नाही, दोघे तरी असतील, हा नियम पहिल्या दिवसापासून हवा. नंतर आणला तर तो कुणा एकावरच्या संशयासारखा दिसतो.

शाळेच्या आधाराने

एफएफएची स्थापना १९२८ ची, कॅन्सस सिटीतली. तिच्या आधी १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शाळांमधल्या शेतीशिक्षणाला सरकारी पैसा मिळू लागला होता, त्यामुळे शिक्षक आधी आला आणि संघटना मागून. वर्ग, घरचा प्रकल्प आणि संघटना अशी तिची तीन अंगं. शिक्षक वर्गात शिकवतो, विद्यार्थी घरी किंवा कुणाच्या शेतावर स्वतःचा प्रकल्प चालवतो, शिक्षक तिथे जाऊन बघतो आणि त्यातूनच पुढे स्पर्धा.

सातत्याच्या बाबतीत ही पद्धत बाकी दोघींना सहज मागे टाकते. खोली आहे, वेळापत्रक आहे, शिक्षकाला पगार आहे. पण मंडळाचं सगळं भवितव्य त्या एका माणसात अडकतं. उत्साही शिक्षक गेला आणि कंटाळलेला आला की त्याच शाळेचं, त्याच मुलांचं मंडळ वर्षभरात मरगळतं. शिवाय जो शाळेत नाही किंवा ज्याने तो विषय घेतलेला नाही, तो बाहेरच राहतो. दारं किती उघडी ठेवायची हा प्रश्न एफएफएलाही चुकला नाही. मुलींना राष्ट्रीय पातळीवर सभासदत्व मिळायला १९६९ साल उजाडावं लागलं.

मुलांच्या हाती

ब्रिटनमधला पहिला यंग फार्मर्स क्लब १९२१ मध्ये डेव्हनमधल्या हेमिओक गावी निघाला, वासरं वाढवण्यासाठी. राष्ट्रीय महासंघ झाला १९३२ मध्ये. तिथे अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार हे सभासदांमधूनच निवडले जातात आणि वर्षाचा कार्यक्रमही तेच आखतात. आयर्लंडमध्ये १९४४ साली निघालेली माक्रा ना फेरमा ही संघटनाही तरुणांचीच. तिच्यात थेट पस्तिशीतले सभासदही असतात.

हिशेब ठेवायला, सभा चालवायला, हॉल ठरवून त्याचं भाडं चुकवायला मुलं इथे जितकी शिकतात तितकी बाकी दोन्हीकडे शिकत नाहीत. मात्र एखादं वर्षच आळशी निघतं. चिटणिसाने इतिवृत्त लिहिलेलं नसतं, खजिनदाराकडे पावत्या नसतात, आणि नव्या पदाधिकाऱ्यांना सगळं शून्यापासून उभं करावं लागतं. शिवाय दहा-बारा वर्षांची मुलं पंचविशीतल्या सभासदांच्या गर्दीत हरवून जातात. म्हणून सोळाच्या खालच्या मुलांसाठी नुसती हीच पद्धत मी कधीच सुचवणार नाही. उसनी मात्र जरूर घ्यावी: स्वयंसेवकांच्या मंडळातही अध्यक्ष आणि चिटणीस मुलांमधून निवडता येतात आणि ठराव मांडून, अनुमोदन घेऊन, मत मोजून सभा चालवता येते. फोर-एचचे बरेच क्लब तेच करतात.

आता स्पर्धा

खरी भांडणं इथे होतात, त्यामुळे या भागाला सगळ्यात जास्त वेळ द्या.

पहिला निर्णय: क्रमांक द्यायचा की दर्जा? क्रमांकाच्या पद्धतीत पहिला, दुसरा, तिसरा, बाकीचे घरी. दर्जाच्या पद्धतीत, जिला अमेरिकेत डॅनिश पद्धत म्हणतात, प्रत्येक वस्तू किंवा जनावर ठरलेल्या निकषांशी ताडून बघतात, शेजारच्याशी नाही. उत्तम असेल तर निळी फीत, चांगलं पण उणिवा असतील तर लाल, बरंच काम बाकी असेल तर पांढरी. वीस मुलांपैकी अकरांना निळी मिळू शकते, एखाद्या वर्षी एकालाही नाही. पालकांना हे आधी समजावून सांगा, नाहीतर समारंभातच कुणीतरी विचारतं, 'ते ठीक, पण पहिला कोण आला?'

माझं मत सरळ आहे. पाच ते सात वर्षांच्या मुलांना दोन्ही नकोत; फोर-एचही या वयोगटाला स्पर्धेत उतरवत नाही, कौतुक सगळ्यांचं सारखंच होतं. आठ ते तेरा-चौदा वयाला दर्जा. त्यापुढच्यांना क्रमांक हवा असतो, तो द्यावा. त्यांना सगळ्यांना सारखी फीत दिली तर ते मनातल्या मनात हसतात.

दर्जाच्या पद्धतीला जोडून आणखी एक चाल आहे. परीक्षक बंद खोलीत गुण देत नाही, मुलाला समोर बसवून देतो. 'ही शिवण इथे का चुणली?' 'पुढच्या वेळी काय बदलशील?' मुलाचं उत्तर ऐकून, कुठे काय चुकलं ते समजावून मगच फीत. याला वेळ लागतो. एका मुलामागे दहा मिनिटं धरली तर तीस मुलांना एक परीक्षक पुरत नाही. तरीही दोन स्पर्धा कमी घ्या, पण ही चाल सोडू नका. एवढं बोलणं झालेलं असलं की लाल फीत मिळालेलं मूल पुढच्या वर्षी परत येण्याची शक्यता कितीतरी वाढते.

दुसरा प्रश्न पैशांचा. जनावरांच्या स्पर्धेत ज्याच्या बापाकडे चांगली गाय विकत घ्यायची ऐपत आहे तो निम्मी लढाई आधीच जिंकलेला असतो. यावर तीन उपाय रूढ आहेत. जनावर अमुक तारखेच्या आधीपासून मुलाच्या ताब्यात हवं, त्या दिवशी त्याचं वजन करून कानात बिल्ला मारायचा. म्हणजे आयत्या वेळी तयार जनावर आणता येत नाही. वाढीची स्पर्धा घ्यायची, ज्यात शेवटचं वजन नाही तर पहिल्या वजनावर रोज किती भर पडली ते मोजतात. किंवा जनावर नव्हे, ते हाताळणाऱ्या मुलाला जोखायचं: दोर कसा धरला, जनावर परीक्षकासमोर कसं उभं केलं, ते बिथरलं तेव्हा काय केलं.

पण माझी सगळ्यात आवडती स्पर्धा चौथीच आहे, कारण तिच्यासाठी मुलाकडे एकही जनावर असावं लागत नाही. जनावर पारखण्याची ही स्पर्धा तिन्ही संघटनांत चालते. रिंगणात एकाच प्रकारची चार जनावरं, क्रमांक १ ते ४. मुलांनी ठरलेल्या मिनिटांत ती उत्तमापासून सुमारापर्यंत लावायची. अमेरिकेत गुण देण्याची रीत मोठी हुशारीची आहे. समजा परीक्षकांचा क्रम ३-१-४-२ आहे. शेजारच्या प्रत्येक जोडीत किती फरक आहे तेही ते आधी ठरवतात: पहिल्या दोघांत २, मधल्या दोघांत ५, शेवटच्या दोघांत ३. पूर्ण बरोबर क्रमाला ५० गुण. एखाद्या मुलीने वरच्या दोघांची अदलाबदल केली तर दोनच गुण जातात, कारण ती दोन्ही जनावरं जवळपास तोडीस तोड होती. मधल्या दोघांत गल्लत केली तर पाच जातात, कारण तो फरक दिसायलाच हवा होता. मग कागद न बघता दोन मिनिटांत कारणं सांगायची, त्याचे आणखी ५० गुण. गवंड्याचं पोरगं आणि बागायतदाराचं पोरगं इथे एकाच रेषेवर उभी राहतात. जनावरांऐवजी धान्याचे नमुने, भाज्या, रोपं काहीही ठेवता येतं, खर्च जवळजवळ शून्य.

परीक्षक बाहेरचाच आणा. गावातला माणूस कितीही नि:पक्षपाती असला तरी निकालानंतर त्याला त्याच गल्लीतून घरी जायचं असतं.

विक्रीचं काय? अमेरिकेतल्या काउंटी जत्रांमध्ये मुलांच्या जनावरांचा लिलाव होतो आणि स्थानिक व्यापारी मुद्दाम बाजारभावापेक्षा जास्त बोली लावतात. मुलाच्या शिक्षणाला हातभार लागतो, मंडळाचं नाव होतं. पण पैसा मोठा झाला की जनावर मुलाऐवजी बापच वाढवू लागतो आणि इंजेक्शनांचे प्रकारही शिरतात. मोठ्या जत्रांमध्ये जिंकलेल्या जनावरांची औषधचाचणी होते ती उगाच नाही. चाचणी करायची तुमची ऐपत नसेल तर निदान पहिली काही वर्षं लिलावाच्या वाटेला जाऊ नका.

त्याऐवजी नोंदवहीला वजन द्या. पिल्लू किंवा बियाणं किती रुपयांना आणलं, खाद्य-खत किती लागलं, कधी रोग पडला, काय उपाय केला, शेवटी हातात काय उरलं. एकूण गुणांतले निदान एक तृतीयांश या वहीला ठेवा आणि ती दर दोन महिन्यांनी विषय शिकवणाऱ्याने बघून सही करायची असा नियम करा, म्हणजे स्पर्धेच्या आदल्या रात्री आईने बसून लिहिलेल्या वह्या येणार नाहीत.

मग निवड कशी करायची? मुलं आठ ते चौदाची असतील आणि निदान चार-पाच प्रौढ कामं वाटून घ्यायला तयार असतील, तर स्वयंसेवकांचं मंडळ. फक्त कागदपत्रं सांभाळणारा एक माणूस, मानधन देऊन का होईना, नेमा. चार-पाच माणसं जमत नसतील पण शाळेत एखादा मनापासून करणारा शिक्षक असेल, तर शाळेतच सुरू करा. शाळेबाहेरचा एक जाणता माणूस पहिल्या वर्षापासून त्याच्या जोडीला द्या, म्हणजे बदली झाली तरी चाव्या कुणाकडे तरी राहतील. मुलं सोळा-सतराच्या पुढची असतील तर त्यांच्या हाती द्या आणि स्वतःकडे दोनच गोष्टी ठेवा: बँक खात्यावरची दुसरी सही आणि दर वर्षाचा हिशेब तपासण्याचा हक्क.