पगाराची जुनी एक्सेल फाइल: दुरुस्त करायची, गूगल शीटवर न्यायची का पेरोल सॉफ्टवेअर घ्यायचं?

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीत बघा, पन्नास ते दीडशे माणसांच्या कितीतरी कारखान्यांत पगार अजून एक्सेलमधूनच निघतो. फाइल एकाने बनवलेली, दुसऱ्याने वाढवलेली, तिसरा नोकरी सोडून गेलेला, आणि आता ती तुमच्या टेबलावर आलीये. वीसेक टॅब, काही लपवलेले, एक मॅक्रोचं, म्हणजे एक्सेलमधल्या छोट्या प्रोग्रामचं बटण जे दाबायचंच असतं पण ते नेमकं काय करतं ते कुणालाच सांगता येत नाही. मग साहेब विचारतात की हेच चालू ठेवायचं, गूगल शीटवर टाकायचं का सरळ सॉफ्टवेअर घेऊन टाकायचं.

माझं मत आधीच सांगतो. तिन्हीपैकी काहीही घ्या, जुनी फाइल वाचून समजून घ्यायचं काम चुकत नाही, आणि सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागतो. सॉफ्टवेअर घेतलं की हे डोकं लावायची गरज नाही असं समजून जे लोक पुढे जातात त्यांचं पहिल्याच महिन्यात अडतं, कारण कंपनीचे अर्धे नियम कुठे लिहिलेलेच नसतात, ते त्या फॉर्म्युल्यांत असतात.

उदाहरण घ्या. ईएसआयसी म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, त्याची महिना पगाराची मर्यादा २१,००० रुपये. आता फाइलमध्ये एखाद्याचा पगार २२,५०० दिसतोय आणि तरी ०.७५ टक्के कपात चालू आहे. नवीन माणूस म्हणतो चूक आहे, काढून टाकतो. पण ती चूक नसते, कारण ईएसआयसीचा काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा असतो आणि मधे पगार वाढून मर्यादा ओलांडली तरी तो काळ संपेपर्यंत कपात चालूच ठेवावी लागते. तसंच प्रोफेशनल टॅक्सचं, अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५०० व्हायला पाहिजेत म्हणून, तर फॉर्म्युल्यात महिना दोन असेल तर ३०० असं कुठेतरी खोल दडलेलं असतं. आणि बाजूलाच खरोखरची चूकही असते, म्हणजे बायकांना प्रोफेशनल टॅक्सची सूट १ एप्रिल २०२३ पासून १०,००० ऐवजी २५,००० पर्यंत झाली, ती जुन्या ओळींत बदलली पण नंतर घातलेल्या ओळींत जुनाच फॉर्म्युला कॉपी झाला. नियम आणि चूक दोन्ही बघायला सारखीच विचित्र दिसतात, कायदा आणि कारखाना दोन्ही माहीत असलेल्या माणसाला शेजारी बसवल्याशिवाय फरक कळत नाही. अकाउंट्सवाल्या मॅडम किंवा जुने टाइमकीपर काका, जे कोण असतील त्यांचे दोन तास मागून घ्या.

वाचायचं कसं ते थोडक्यात सांगतो. आधी फाइलची कॉपी, मूळ फाइलला हात नाही. मग सगळे टॅब अनहाइड करा, आणि एवढ्यावर थांबू नका, काही टॅब असे लपवलेले असतात की ते अनहाइडच्या यादीत येतच नाहीत, ऑल्ट एफ११ दाबून मॅक्रोची खिडकी उघडली की तिथे डाव्या बाजूला दिसतात. डेटा मेनूत लिंक्सची यादी बघा, दुसऱ्या कुठल्या फाइलीतून आकडे येतायत ते कळतं, आणि ती दुसरी फाइल पुष्कळदा एखाद्याच्या जुन्या लॅपटॉपवर असते. कंट्रोल एफ३ दाबून सेलना दिलेली नावं बघा. एफ५ मध्ये स्पेशल, तिथे कॉन्स्टंट्स निवडा, म्हणजे फॉर्म्युल्यांच्या कॉलममध्ये कुणी हाताने टाइप केलेले आकडे लगेच उठून दिसतात. हे शेवटचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण कुणीतरी एका महिन्यात घाईत एकाचा पगार हाताने टाकला आणि मग तो फॉर्म्युला कायमचा गेला, असं फार होतं. फॉर्म्युला कुठून आकडे उचलतो ते ट्रेस प्रिसिडंट्सचे बाण दाखवतात, पण इनडायरेक्ट हे फंक्शन (सेलचा पत्ता मजकुरातून बनवणारं) वापरलं असेल तर बाण दगा देतात, तिथे हातानेच शोधावं लागतं. आणि हे सगळं एका कागदावर काढा, कुठला टॅब कुठल्या टॅबला आकडे देतो, एवढा एक नकाशा झाला की निम्मी भीती जाते.

आता पहिला पर्याय, तीच फाइल दुरुस्त करणं. यात नवीन पैसे लागत नाहीत, लोकांची सवय तीच राहते. दुरुस्ती म्हणजे मुख्य काम एकच, दर आणि मर्यादा फॉर्म्युल्यांतून बाहेर काढून एका टॅबवर आणायच्या, आणि प्रत्येकासमोर कधीपासून लागू ती तारीख लिहायची. जुलै २०१९ ला ईएसआयसीचा कामगारांचा हिस्सा १.७५ वरून ०.७५ वर आला आणि मालकाचा ४.७५ वरून ३.२५ वर, तेव्हा ज्यांच्या फाइलीत हा आकडा शेकडो सेलमध्ये कोंबलेला होता त्यांना सगळीकडे शोधत बसावं लागलं, एका सेलमध्ये असता तर एक मिनिटाचं काम होतं. नोव्हेंबर २०२५ पासून लेबर कोड, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झालेत आणि वेजेसची, म्हणजे कायद्याने धरायच्या पगाराची, व्याख्याच बदललीये, म्हणजे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेजेसमध्ये धरायचा, त्यामुळे नुसता दर नाही तर गणिताची रीतच बदलायची वेळ येते. फाइल नीट लावलेली असेल तर हे झेपतं, नसेल तर झेपत नाही.

दुसरं काम म्हणजे व्हीलुकअप तपासणं, हा यादीतून एखाद्याची माहिती शोधून आणणारा फॉर्म्युला. त्याचा शेवटचा भाग कुणी रिकामा सोडला तर ते जवळपासचं उत्तर शोधतं, यादी क्रमाने नसली की चुकीच्या माणसाचा दर उचलतं आणि एररसुद्धा दाखवत नाही. त्याचाच नवा प्रकार एक्सलुकअप मुळातच नेमकं जुळणारं शोधतं, पण ते मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा २०२१ पासूनच्या एक्सेलमध्येच आहे, ऑफिसात २०१३ किंवा २०१६ असेल तर विसरा. आणि नावावरून कधीच शोधू नका, एम्प्लॉयी कोड वापरा. मराठीत नावं असतील तर जास्तच, कारण कीबोर्ड बदलला की 'सूर्यवंशी' किंवा 'कऱ्हाडे' डोळ्याला अगदी एकसारखं दिसूनही आत न दिसणारं एखादं अक्षर जास्तीचं असतं आणि एक्सेलच्या मते ती दोन वेगळी माणसं होतात. बँक खात्याचा कॉलम टेक्स्ट करून ठेवा, एक्सेल १५ अंकांपर्यंतच आकडा धरतं, १६ अंकी खातं असेल तर शेवटचा अंक शून्य होऊन बसतो.

या पर्यायाची खरी कमजोरी गणितात नाही, वापरात आहे. शेअर्ड फोल्डरमधली फाइल एकाने उघडली की दुसऱ्याला फक्त वाचायला मिळते, मग तो स्वतःची कॉपी करतो, आणि महिनाअखेरीला 'फायनल' नावाच्या तीन फाइली तयार. वनड्राइव्हवर ठेवून ३६५ वापरलं तर एकावेळी काम करता येतं आणि जुन्या आवृत्त्याही राहतात, तेवढा खर्च करणार असाल तर ही अडचण बरीच सुटते. आणखी एक गोष्ट तपासा, फाइल जुन्या एक्सएलएस प्रकाराची तर नाही ना. त्यात ६५,५३६ च ओळी मावतात, नव्यात १०,४८,५७६. दीडशे माणसं, दिवसाला हजेरीचे दोन पंच, महिन्याला २६ दिवस, म्हणजे ७,८०० ओळी, साधारण आठ महिन्यांत जुनी शीट भरली. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२० ला नेमकं हेच झालं, लॅबकडून आलेला कोविडचा डेटा जुन्या प्रकारच्या फाइलीत भरला जात होता, जागा संपल्यावर पुढच्या ओळी गळाल्या आणि १५,८४१ रुग्ण मोजणीतून सुटले, त्यांच्या संपर्कातल्या लोकांना कळवायला उशीर झाला. तिथे आरोग्यखातं होतं, इथे कुणाचा तरी ओव्हरटाइम गळेल, पण ज्याचा गळेल त्याच्या घरी तो महिना अवघडच जाणार.

दुसरा पर्याय, गूगल शीट्स. एकाच वेळी चार जण भरू शकतात आणि कुठल्याही सेलवर राइट क्लिक करून तो कुणी कधी बदलला ते बघता येतं, हे दोन गुण इतके मोठे आहेत की हजेरी, ओव्हरटाइम आणि उचल भरायला मला तरी यापेक्षा सोपं काही दिसत नाही, सुपरवायझर मोबाइलवरून भरतो, झालं. जागेचाही प्रश्न नाही, एका शीटमध्ये १ कोटी सेल चालतात आणि दीडशे माणसांची वर्षभराची रोजची हजेरी ५५ हजार सेलच्या आतच बसते.

पण पूर्ण पगार तिकडे नेताना तीन अडथळे. एक, एक्सेलचे मॅक्रो तिथे चालत नाहीत, गूगलच्या अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये परत लिहावे लागतात, म्हणजे ते बटण काय करतं हा प्रश्न पुन्हा तुमच्यासमोरच. दोन, गुप्तता. पगाराची शीट चुकून 'लिंक असलेल्या सगळ्यांना' उघडी राहिली तर कोणाला किती पगार ते अख्ख्या शॉपफ्लोरला कळतं. लपवलेला टॅब एडिटरला उघडता येतोच, आणि इम्पोर्टरेंजला (एका शीटमधून दुसरीत आकडे आणणारा फॉर्म्युला) एकदा परवानगी दिली की दुसऱ्या शीटचा एडिटर पहिल्या शीटमधलं काहीही ओढू शकतो, म्हणून हजेरी आणि पगार एका शीटमध्ये ठेवायचेच नाहीत. तीन, जुने मराठी फॉन्ट. सहकारी संस्था, साखर कारखाने, पतसंस्था इथे कितीतरी फाइली अजून श्रीलिपी किंवा तसल्याच युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत, त्या गूगलवर टाकल्या की नावांच्या जागी नुसती चिन्हं दिसतात. आधी कन्व्हर्ट करायचं आणि मग एकेक नाव डोळ्याने तपासायचं, याला शॉर्टकट नाही. खरं तर हे काम एक्सेलमध्ये राहिलात तरी कधीतरी करायलाच हवं.

तिसरा पर्याय, पेरोल सॉफ्टवेअर. हिशोबाला टॅली वापरत असाल तर त्यात पेरोल आहेच, नाहीतर माणशी महिना दर लावणारी बरीच ऑनलाइन मिळतात. दर बदलले की कंपनी अपडेट देते, पीएफची रिटर्नची फाइल आणि पेस्लिप तयार मिळतात, कोणी काय बदललं त्याची नोंद राहते. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर हेही लक्षात घ्या की १ एप्रिल २०२३ पासून कंपनीचे हिशोब ज्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवता त्यात प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये, त्यामुळे ऑडिटर पगाराची एन्ट्री कुठून आली ते विचारतोच.

अडचण येते ती तुमच्या खास नियमांना. पीसरेट म्हणजे नगावर मजुरी, दोन लेट मार्कला हाफ डे, रात्रपाळीचा भत्ता, दिवाळीआधीची उचल चार हप्त्यांत, कँटीनची कपात फक्त हजर दिवसांची. सेल्सवाला डेमोत सगळं होतं म्हणतो, म्हणून डेमोला त्यांचा नमुना बघू नका, तुमच्या मागच्या महिन्याची हजेरी द्या आणि तुमच्या पगारपत्रकाशी रुपया न रुपया जुळवून दाखवायला सांगा. आणि सोडताना सगळा डेटा एक्सेलमध्ये परत मिळेल का हे लेखी घ्या. नाहीतर होतं असं की सॉफ्टवेअरला जे जमत नाही ते करायला बाजूला एक छोटी एक्सेल सुरू होते, ती वाढत जाते, आणि दोन वर्षांनी तुमच्याकडे सॉफ्टवेअरपण असतं आणि न समजणारी फाइलपण. दोन ठिकाणांमधलं हाताने कॉपी पेस्ट सगळ्यात वाईट. जेपी मॉर्गनला २०१२ मध्ये लंडनच्या ट्रेडिंगमध्ये ६ अब्ज डॉलरच्या वर फटका बसला, तिथे जोखीम मोजायचं मॉडेल अशाच एका शीटमधून दुसऱ्या शीटमध्ये हाताने आकडे चिकटवत चालवत होते, असं त्यांच्याच अहवालात आलंय. सगळा तोटा त्यामुळे झाला असं नाही, पण धोका किती आहे ते कमी दिसत राहिलं.

मग घ्यायचं काय. माणसं साठ-सत्तरच्या आत, पगार एकच माणूस काढतो, नियम फार विचित्र नाहीत, तर फाइल दुरुस्त करा आणि हजेरी गूगल शीटवर घ्या, दोन्हींचा मेळ एक्सेलच्या पॉवर क्वेरीने (बाहेरचा डेटा आपोआप ओढायची सोय) लावता येतो, कॉपी पेस्ट लागत नाही. माणसं शंभराच्या वर गेली, किंवा दोन युनिट आहेत, किंवा पगार काढणारा माणूस सुट्टीवर गेला की सगळं थांबतं, तर सॉफ्टवेअरच घ्या, खर्चाकडे बघू नका, कारण लोकांचा पगार एका माणसाच्या तब्येतीवर अवलंबून ठेवणं बरोबर नाही. नियम विचित्र आणि माणसं कमी असतील तर एक्सेलमध्येच राहा, तिथे ते तुमच्या ताब्यात राहतात. पूर्ण पगार गूगल शीटवर न्यायचा सल्ला मी फक्त पंधरा-वीस जणांच्या ऑफिसला देईन जिथे मॅक्रो नाहीत.

बदलायचं ठरलं की एप्रिलमध्ये बदला, जमलं नाही तर ऑक्टोबरमध्ये, कारण ईएसआयसीचा नवा काळ तेव्हा सुरू होतो आणि अर्धवट राहिलेल्या केसेस मागून ओढाव्या लागत नाहीत. निदान दोन महिने जुनं आणि नवं दोन्ही चालवा. आणि तपासायला कुठलाही सरळ महिना घेऊ नका, मागचा फेब्रुवारी घ्या म्हणजे ३०० चा टॅक्स कळेल, एखादा असा महिना घ्या ज्यात कुणी मधेच नोकरी सोडली, आणि एक असा घ्या ज्यात कुणाचा पगार २१,००० च्या पलीकडे गेला. हे तीन महिने रुपयापर्यंत जुळले की जुनी फाइल रीड-ओन्ली करून ठेवा, पण डिलीट करू नका, पीएफची जुनी चौकशी आली की तीच लागते.