सरासरी टाकू की मध्यक?

दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांचा सर्व्हे करून आलेली भाची काल विचारत होती, "मामा, प्रबंधात सरासरी टाकू की मध्यक?"

मेहनत दोन्हींना सारखीच. एक्सेलमध्ये एकेक सूत्र, संपलं.

खरा घोळ घालतो तो एखादा बडा बागायतदार. समजा, सात जणांची जमीन एकरांत अशी: १, १.५, २, २, २.५, ३ आणि ३०. बेरीज ४२, सरासरी ६. पण सहा एकरवाला त्यात एकही नाही! चढत्या क्रमातला मधला, म्हणजे चौथा आकडा २, हा मध्यक. छोट्या शेतकऱ्यांचं चित्र यातच दिसतं. ३० चे चुकून ३०० टाइप झाले तरी मध्यक हलत नाही. सरासरी मात्र ४४ च्या पुढे उडी मारते.

पण मध्यकावरून एकूण क्षेत्र निघत नाही. सरासरीला माणसांनी गुणलं की निघतं. दोन गटांतला फरक खरा की निव्वळ योगायोग, हे तपासणारी टी-चाचणीही सरासरीवरच चालते.

तेव्हा जमीन, उत्पन्न, कर्ज यांना मध्यक आणि चतुर्थकं (चढत्या क्रमातल्या आकड्यांचे चार सारखे भाग पाडणारे आकडे). मण्यांचा व्यास, साखरेचं प्रमाण असे आकडे मधोमध गोळा होत असतील, तर सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत, त्याचं माप). आणि तो तीस एकरवाला गाळायचा नाही हं, तोही दिंडोरीचाच.