पाटीवर 4351, पोटात 4350 : सिग्नल जनरेटरच्या नावाखाली 9,430 रुपयांना चुना

परभणीत माझं रेडिओ आणि वायरलेस सेट दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. तेव्हा काही न कळणारा माणूस फसला असं कुणी समजू नका.

एफएम रिसीव्हर तपासायला सिग्नल जनरेटर, म्हणजे हवी ती फ्रिक्वेन्सी सोडणारं यंत्र, पाहिजे होतं. नावाजलेल्या कंपनीचा घ्यायची आपली ऐपत नाही, म्हणून टचस्क्रीनवालं छोटं मॉड्यूल बघितलं. एडीएफ 4351 चिप, 35 मेगाहर्ट्झ ते 4.4 गिगाहर्ट्झ. विकणारा म्हणू लागला, "सर, वाळूजला आपलं स्वतःचं युनिट आहे." मॉड्यूलचे 6,800, कुरिअरचे 180, वरून कॅलिब्रेशन (आकडा बरोबर असल्याच्या) सर्टिफिकेटचे 1,500. सर्टिफिकेट म्हणजे झेरॉक्सवर मारलेला शिक्का.

त्याचा व्हिडिओ आठवला की आजही डोकं फिरतं. आधी त्यानं 145 मेगाहर्ट्झ लावलं, शेजारचा हँडसेट लगेच बोलला. मग 433, तिथंही दुसरा सेट बोलला. मग 100 लावलं आणि कॅमेरा सरळ स्क्रीनवर नेला. आकडा 100.000, खाली लॉकचा हिरवा दिवा. बाजूला साधा एफएम रेडिओ ठेवायला काय झालं होतं त्याला? ठेवलाच नाही! पण लॉकचा दिवा लागलेला बघितल्यावर कोण शंका घेईल?

तो दिवाच तर फसवतो. आतला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे छोटा कॉम्प्युटरच, तुम्ही टाकलेला आकडा स्क्रीनवर दाखवतो आणि त्याचा हिशोब करून चिपच्या सहा रजिस्टरमध्ये, म्हणजे आकडे ठेवायच्या खणांत, भरतो. बाहेर काय पडतंय ते तो मोजत नाही. चिपमधला ऑसिलेटर, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सी तयार करणारा भाग, 2,200 ते 4,400 मेगाहर्ट्झमध्येच फिरतो, खालची फ्रिक्वेन्सी त्याला भागून मिळते. 4351 चिप 64 पर्यंत भागते, म्हणून 35 पर्यंत उतरते. जुनी 4350 फक्त 16 पर्यंत, म्हणजे 137.5 च्या खाली नाहीच. लॉकचा दिवा ऑसिलेटर जागेवर बसला एवढंच सांगतो, पुढचा भागाकार झाला का नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. 145 म्हणजे 2,320 भागिले 16, ते जुन्या चिपलाही जमतं. 100 ला 32 नं भागावं लागतं, तिथं माझा रेडिओ मुकाच.

भिंगाखाली धरलं तर 5 मिलिमीटरच्या चिपचा माथा घासलेला, कडेला बारीक ओरखडे. थिनरचा बोळा फिरवला आणि '4351' कापसावर आलं.

फोन केला तर म्हणाला, "बदलून देतो सर, पिकअप आणि टेस्टिंगचे 950 टाका." टाकले, कारण नाहीतर आधीचे 8,480 बुडत होते. पिकअपवाला आला नाही आणि नंबर ब्लॉक. पैसे परत द्यायला उलटे पैसे मागणाऱ्याला छदाम देऊ नका.

आता पोलीस ठाण्याचं ऐका. साहेब म्हणे, वस्तू मिळाली ना, मग फसवणूक कसली, दिवाणी मॅटर आहे. मी म्हटलं, साहेब, चिपवर खोटा नंबर छापलाय. तर मलाच विचारतात, हे जॅमर आहे का, लायसन काढलंय का! चारशेवीस जाऊन न्याय संहितेचं 318 आलं, पण टेबलापलीकडचा माणूस तोच. अर्ज घेतला, पोच देईनात. बँकेत गेलो तर पैसे तुम्हीच स्वतः पाठवले म्हणून हात वर. सायबरला जा म्हणाले, तिथून पुन्हा ठाण्यातच पाठवलं. परभणीच्या उन्हात चिप घेऊन फिरणारा मी एकटाच येडा.

पैसे गेले की त्याच घटकेला सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन लावा, ठाण्याची वाट बघत बसू नका. ग्राहक आयोगात आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. हे मला टेबलावरच्या एकानंही सांगितलं नाही, एका वकील मित्रानं सांगितलं. व्हिडिओ मागायचा तर 137.5 च्या खालचा मागा, शेजारी रेडिओ वाजताना. स्क्रीनचा फोटो घेऊन काय करायचं? आणि पार्सल उघडतानाचं शूटिंग करा, वकिलानं पहिलं तेच मागितलं.

तक्रार टाकलीय, तारीख पडायची आहे. तो गडी दुसऱ्या नावानं तोच व्हिडिओ फिरवतोय, आता भाव 7,200 केलाय.