तंबोरा: फोनमधला की मांडीवरचा?

रात्री छातीत धडधड, झोप गायब, डोकं घाण्याच्या बैलासारखं गोल गोल. अशा दिवसांत कुणीतरी सांगतंच, "रोज पहाटे सा लावून बस." मलाही सांगितलं. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या आणि गाण्यासाठी त्या सोडायच्या नसतात, हे गृहीत धरतो. प्रश्न एवढाच, की सा लावायचा कशाच्या साथीला? फोनमधल्या तंबोऱ्याच्या ॲपवर मी ८ महिने काढले. गेली ३ वर्षं घरात खरा तंबोरा आहे. मधे काही दिवस इलेक्ट्रॉनिक डबाही आणला होता, पण तो धड ना इकडचा ना तिकडचा वाटला. त्याला सोडून देऊ.

ॲपची बाजू भक्कम आहे. काळी एक हवी की पांढरी चार, कुठलीही पट्टी बोट फिरवलं की तयार. पंचमाऐवजी मध्यम, तोही लगेच. कानात घालून बसलं की शेजारी उठत नाहीत. मी तर दवाखान्याच्या बाकावर बसूनही ऐकला आहे. फोनवर मेसेज येत राहतात ही सगळ्यांची तक्रार, पण विमान मोड लावला की ती मिटते.

माझं बिनसलं ते भलत्याच गोष्टीवरून. माझ्या ॲपमध्ये आवर्तन संपून पुन्हा सुरू होताना बारीकसा 'टक्' यायचा. बायकोला ऐकवला, तर म्हणाली, "कुठंय?" पण धास्तावलेलं मन असल्या गोष्टी बरोबर हुडकतं. पहिल्या आठवड्यात तो कानाला लागला, दुसऱ्यात मी त्याची वाट बघायला लागलो, मग मोजायलाच लागलो. सा लांबवताना अर्धा जीव त्या टक्-मध्ये. ॲप बदललं. नव्यात टक् नव्हता, तर मी तो शोधत बसलो! दोष ॲपचा कमी आणि माझ्या डोक्याचा जास्त, कबूल. पण बसलो होतो ते त्या डोक्यासाठीच ना?

तंबोऱ्यात मोजायला काही सापडत नाही. मधलं बोट पंचमावर, मग तर्जनीने जोडाच्या (मधल्या, सा-च्या) दोन तारा आणि खर्ज, म्हणजे खालच्या सा-ची जाड तार. दर खेपेला तेच, तरी दर खेपेला थोडं वेगळं. शिवाय मन घाईत असलं की बोटं चुगली करतात. पंचम लवकर पडतो, खर्जाला विरायला सवडच मिळत नाही. माझी अस्वस्थता हल्ली मला छातीआधी बोटांत कळते. मग खर्ज विरेपर्यंत थांबायचं आणि त्याच्याबरोबर सा सोडत जायचं. श्वास सावकाश सोडला की नाडीही जरा उतरते. यात रागाची जादू काही नाही. (अमुक रागाने तमुक आजार जातो, असले तक्ते फिरतात. माझा त्यांच्यावर काडीचा विश्वास नाही.)

त्रास आहेच. पावसाळ्यात खुंट्या फुगून बसतात. जवारीचा दोरा (घोडीवर तारेखाली असतो तो) केसभर सरकला की गुंजन गेलंच. लावायला मला अजून १५ मिनिटं लागतात. बऱ्या दिवशी त्या १५ मिनिटांत तारांवरचे मणी सरकवताना दुसरं काही सुचत नाही आणि निम्मं काम तिथेच होतं. वाईट दिवशी मात्र रडकुंडीला येतो. त्या दिवशी मी निमूट ॲप लावतो.

सा कधी लावलाच नसेल, तर आधी महिनाभर ॲपवर बसून बघा. तेवढंही बसवत नसेल, अंथरुणातूनच उठवत नसेल, तर दोन्ही राहू द्या आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, मराठीतही बोलतात.

आणि घ्यायचाच ठरला तर, जमलं तर, मिरजेला स्वतः जा. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालंय, पण शिक्का बघून घेऊ नका. सतारमेकर गल्लीत आपली पट्टी सांगून लावून घ्या आणि डोळे मिटून १० मिनिटं छेडा. मी चौथ्यावर थांबलो. कारागीर म्हणाले, "हा जुना आहे बरं का, भोपळ्याला चीर आहे, सांधलेली." तोच आणला.